चौथी-पाचवीचा वर्ग बसवताना

"बाई, नीट बसा म्हणजे नक्की कसं बसायचं?"

पाचवीतल्या एका मुलीने हे विचारलं तेव्हा मला शिकवायला लागून चार वर्षं झाली होती. विचारण्यात उद्धटपणा अजिबात नव्हता, ती खरंच गोंधळली होती. मी 'नीट बसा' म्हटल्यावर एकाने हाताची घडी घातली, एकीने वही उघडली, मागच्या दोघांनी नुसती पाठ ताठ केली. यातलं बरोबर कोणतं हे तिला कळेना. माझ्या मागे भिंतीवर अकरा नियमांचा तक्ता होता. 'शिस्तीत वागा', 'सर्वांचा आदर करा', 'वेळेचं भान ठेवा'. त्यातल्या एकाही नियमाचं चित्र त्या मुलीच्या डोळ्यांपुढे उभं राहत नव्हतं. त्या संध्याकाळी तक्त्यासमोर उभी राहिले, तेव्हा माझ्याही डोळ्यांपुढे ते उभं राहिलं नाही.

नाटक बसवतात तसा वर्ग बसवावा लागतो. संहिता वाटली आणि लगेच प्रयोग लावला, असं कोणी करत नाही. कोण कुठून येणार, कुठे थांबणार हे ठरतं, तालमी होतात, अडखळलेला प्रवेश पुन्हा घेतला जातो. भागाकार शिकवताना मी आधी करून दाखवते, मग मुलांकडून करून घेते, चुकलं तर पुन्हा करायला सांगते. वर्गात कसं वागायचं तेही असंच शिकवायचं असतं, हे मला उशिरा उमगलं. आता बावीस वर्षं चौथी-पाचवीला शिकवते आहे. वर्षाच्या सुरुवातीला ज्या क्रमाने करते, त्याच क्रमाने लिहिते.

रिकाम्या वर्गात एक तास

शाळा उघडण्याच्या दोन-तीन दिवस आधी मी रिकाम्या वर्गात जाते आणि मागच्या बाकावर बसते. शिक्षकाच्या खुर्चीवर नाही. तिथून दिवस सुरुवातीपासून मनात चालवून बघते. दारातून तीस-पस्तीस मुलं आत येतात. दप्तर कुठे जातं? कालची वही कुठे ठेवायची? पेन्सिलचं टोक मोडलं तर उठायचं की शेजाऱ्याकडे मागायचं? मी दुसऱ्या कुणाला गणित समजावत असताना एखाद्याला अडलं तर त्याने काय करायचं? काम आधी संपलं तर? पुस्तक घरी राहिलं तर? तास संपल्याची घंटा झाली की उठायचं, की मी सांगेपर्यंत थांबायचं?

असे पंधरा-सोळा प्रसंग निघतात. प्रत्येकापुढे मी एकच ओळ लिहिते: मुलाचे हात, पाय, डोळे आणि तोंड त्या वेळी काय करत असेल? 'शांतपणे आत या' हे मी लिहीत नाही. मी लिहिते: 'चालत आत येणं, दप्तर बाकाच्या खणात, कालची वही टेबलावरच्या डाव्या गठ्ठ्यात, फळ्यावरचं पहिलं उदाहरण सोडवायला घेणं. शेजाऱ्याशी हळू बोललं तरी चालेल.' हे शेवटचं वाक्य महत्त्वाचं आहे. काय चालेल हे सांगितलं नाही तर मुलं ते करून बघत बसतात, आणि आपण रोज वेगळं उत्तर देतो.

हे लिहिताना नियम आणि पद्धत यांची गल्लत होऊ देऊ नका. टोक काढायला केव्हा उठायचं ही पद्धत झाली. तिच्यात चूक झाली तर ती फक्त पुन्हा करायची, त्यात नीतीचा काही प्रश्न नाही. नियम थोडे असतात आणि ते माणसांबद्दल असतात. माझे आता चारच उरले आहेत:

एक जण बोलतो तेव्हा बाकीचे ऐकतात.
हाताने किंवा शब्दाने कुणाला दुखवायचं नाही.
घेतलेली वस्तू जागेवर परत.
अडलं तर विचारायचं, आणि विचारणाऱ्याला कुणीही हसायचं नाही.

चौथा माझ्या सगळ्यांत जवळचा आहे. तिसरीपर्यंत मुलं बिनधास्त विचारतात. चौथी-पाचवीत 'आपल्यालाच येत नाही' ही लाज पहिल्यांदा जाणवू लागते आणि हात खाली जायला लागतात. एक जण फस्सकन हसला की पुढचे दोन महिने तो प्रश्न पुन्हा वर्गात येत नाही. म्हणून बाकीच्या तीन नियमांत मी थोडी सवड ठेवते, इथे ठेवत नाही.

मुलांना विचारायचं, पण खरं विचारायचं

स्विस मानसशास्त्रज्ञ झाँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांमध्ये बसून त्यांना खेळाचे नियम विचारले होते. हे नियम कुणी केले, ते बदलता येतील का, असं ते विचारत. १९३२ साली त्यांनी त्याबद्दल लिहिलं. लहान मुलांना नियम मोठ्यांकडून आलेले आणि न बदलणारे वाटत. साधारण दहाच्या आसपासची मुलं मात्र म्हणत की सगळ्यांना पटलं तर नियम बदलता येतो. आपल्यासमोर बसलेली नऊ ते अकराची मुलं नेमकी या वळणावर असतात. 'बाईंनी सांगितलं म्हणून' हे कारण अजून पुरतं संपलेलं नसतं आणि 'आपण ठरवलं म्हणून' हे कारण नुकतं कळायला लागलेलं असतं.

मी आधी एक चूक करायची. पहिल्याच दिवशी विचारायची, "आपल्या वर्गात कोणते नियम हवेत?" मग नियमांऐवजी शिक्षांचा पाऊस पडायचा. बोलणाऱ्याला दिवसभर उभं करा, गृहपाठ विसरला तर दहा वेळा लिहायला लावा. मुलं स्वतःबद्दल फार कठोर असतात. मोठ्यांना जे ऐकायचं आहे असं त्यांना वाटतं तेच ती सांगतात.

आता मी दुसऱ्या दिवशी प्रत्येकाला एक कोरी चिठ्ठी देते. नाव लिहायचं नाही. एका बाजूला लिहायचं: 'वर्गात मला शिकायला केव्हा जमतं?' दुसऱ्या बाजूला: 'केव्हा जमत नाही?' या चिठ्ठ्या वाचताना दरवर्षी गलबलून येतं. 'उत्तर येत असतं पण सांगेपर्यंत दुसरा सांगतो.' 'माझं अक्षर वाईट आहे म्हणून वही दाखवायला भीती वाटते.' 'मागे बसलं की फळ्यावरचं खालचं दिसत नाही.' एका वर्षी नुसतंच: 'खेळून आल्यावर लगेच जमत नाही.' त्या एका चिठ्ठीमुळे मी सुट्टीनंतरची पहिली पाच मिनिटं फक्त वाचून दाखवायला ठेवली. ती आजही तशीच आहेत.

चिठ्ठ्यांचे गट मी मुलांसमोर करते. एकसारख्या चिठ्ठ्या एकत्र लावल्या की चार ढीग होतात आणि ते बहुतेक माझ्या चार नियमांपाशीच येऊन थांबतात. शब्द मात्र मुलांचे ठेवते. एका वर्गाने 'एक जण बोलतो तेव्हा' याऐवजी 'ज्याची पाळी त्याचा आवाज' असं ठरवलं होतं. माझ्या वाक्यापेक्षा ते चांगलं होतं, म्हणून वर्षभर तेच राहिलं.

इथे एक प्रामाणिकपणा पाळा. ज्या गोष्टी ठरवायचा अधिकार मुलांना नाही, त्यांचं मतदान घेऊ नका. मी सरळ सांगते: "कुणाला मारायचं नाही, चिडवायचं नाही, मला न सांगता शाळेबाहेर जायचं नाही. हे मी ठरवलंय, कारण तुमची जबाबदारी माझ्यावर आहे. गटात कोण कोणासोबत बसेल, वह्या कोण वाटेल, काम संपल्यावर काय करायचं, हे आपण मिळून ठरवू." लुटुपुटूचं मतदान या वयाची मुलं लगेच ओळखतात. त्यानंतर खऱ्या मतदानावरही त्यांचा विश्वास बसत नाही.

तालीम

१९८० साली एडमंड एमर, कॅरोलिन एव्हर्टसन आणि लिंडा अँडरसन या संशोधकांनी तिसरीच्या २७ शिक्षकांच्या वर्गांचा वर्षाच्या सुरुवातीपासून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचे वर्ग पुढे सुरळीत चालले, त्या शिक्षकांनी पहिल्या काही आठवड्यांत वर्गाच्या पद्धती एखाद्या धड्यासारख्या शिकवल्या होत्या: समजावल्या, करून घेतल्या, परत आठवण दिली. नियम तर बहुतेक सगळ्याच वर्गांत होते. हे मी वाचलं तेव्हा मला माझा अकरा कलमांचा तक्ता आठवला.

आत येण्याची तालीम मी कशी घेते ते सविस्तर सांगते, कारण बाकीच्या सगळ्या तालमी याच साच्यातल्या आहेत.

मुलांना बाकांवर बसवते आणि मी स्वतः दारातून दोनदा आत येते. पहिल्यांदा चुकीचं करून दाखवते: धावत येते, दप्तर वाटेत टाकते, वही शोधत सगळं उपसते. मुलं हसतात, हसू देते. मग विचारते, "आता माझ्या मागून येणाऱ्याचं काय होईल?" उत्तरं तीच देतात: तो अडखळेल, मागे रांग तुंबेल. दुसऱ्यांदा बरोबर करून दाखवते, पण तेव्हा काही बोलत नाही. "मी काय काय केलं ते क्रमाने सांगा," असं म्हणते. मुलांच्या तोंडून पायऱ्या आल्या की त्या फळ्यावर लिहिते. मग चार मुलं करून दाखवतात, मग सगळा वर्ग बाहेर जाऊन परत आत येतो.

चुकीचं फक्त शिक्षकाने करून दाखवावं. मुलाला ते करायला दिलं की वर्ग हसतो, त्याला मजा येते आणि बरोबर वागण्यापेक्षा तेच जास्त लक्षात राहतं.

पहिल्या खेपेला हमखास गोंधळ होतो. रागावू नका. "दप्तरं जागेवर गेली. वह्या मात्र तीन ठिकाणी आहेत. पुन्हा एकदा." एवढंच. दुसऱ्यांदा बाहेर जाताना कुणी कुरकुरलं तरी आवाज तोच ठेवायचा. पुन्हा करायला लावणं ही शिक्षा वाटली तर तालीम फुकट गेली.

एका दिवसात दोन किंवा तीनच पद्धती घ्या. पहिल्या दिवशी आत येणं, लक्ष देण्याची खूण आणि बाहेर जाणं. दुसऱ्या दिवशी वह्या जमा करणं आणि मदत मागणं. गटकामाला पहिल्या आठवड्यात हात लावू नका. पहिले तीन आठवडे धडे थोडे मागे पडतात. वरिष्ठ विचारतात, पालक विचारतात. मी त्यांना सांगते की हाही अभ्यासच आहे, आणि पुढे रोजची दहा मिनिटं यातूनच वाचतात.

लक्ष देण्याची खूण: मी हात वर करते, बघणारा प्रत्येक जण हात वर करतो, बोलणं थांबतं. यातला अवघड भाग माझा आहे. शेवटचं मूल गप्प होईपर्यंत मी एक शब्दही बोलत नाही. सुरुवातीला हा वेळ फार लांबतो आणि जीव कासावीस होतो. पण कुजबुजीवर आवाज चढवून एकदा जरी बोललात, तरी खूण झाली म्हणजे गप्प व्हायचं असं काही नाही, हे मुलांना कळतं.

आवाजाच्या पातळ्यांना आमच्याकडे नावं आहेत: मनातला आवाज, शेजारचा आवाज, गटाचा आवाज, वर्गाचा आवाज. 'हळू बोला' यापेक्षा 'शेजारचा आवाज' हे मुलांना पटकन जमतं, कारण त्याचं माप आहे: शेजाऱ्याला ऐकू यावं, त्याच्या पलीकडच्याला येऊ नये. हे तपासायला तिसरा मुलगा कान देऊन बसतो. ही तालीम मुलांची सगळ्यांत आवडती आहे.

उत्तर देण्याचीही तालीम लागते. मेरी बड रो या संशोधिकेने वर्गांतले संवाद ध्वनिमुद्रित करून तपासले. प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एक सेकंदसुद्धा धड थांबत नाहीत असं तिला दिसलं. तीन सेकंद किंवा जास्त थांबलं की उत्तरं लांब होतात आणि एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. 'सांगेपर्यंत दुसरा सांगतो' या चिठ्ठीचं उत्तर इथे आहे. आमची पद्धत अशी: प्रश्न झाला की सगळ्यांचे हात खाली. मी मनात पाच आकडे मोजते. मग 'हात' म्हणते, तेव्हाच हात वर. पहिल्या आठवड्यात हुशार मुलं तळमळतात. त्यांना मी बाजूला घेऊन सांगते की तुमचं उत्तर कुठे पळून जाणार नाही, दुसऱ्याचं तयार होऊ दे.

स्वच्छतागृहाबद्दल

हा भाग मी मुद्दाम वेगळा ठेवते. माझ्या सुरुवातीच्या एका वर्षात मी "आत्ताच सुट्टी झाली ना? तास संपू दे," असं एका मुलाला म्हटलं होतं. त्याला थांबता आलं नाही. सगळ्या वर्गासमोर ते झालं. तो पुढचे तीन दिवस शाळेत आला नाही, आणि त्याचा चेहरा मी अजून विसरलेले नाही.

तेव्हापासून परवानगी मागायची पद्धत माझ्या वर्गात नाही. दाराजवळ खिळ्याला दोन पट्ट्या टांगलेल्या असतात. पट्टी असेल तर बाकावर ठेवायची आणि जायचं, आल्यावर परत टांगायची. मी कारण विचारत नाही. दोन्ही पट्ट्या गेलेल्या असतील आणि घाई असेल तर माझ्याकडे बघून दोन बोटं दाखवायची आणि निघायचं. याच वयात काही मुलींची पाळी सुरू होते. त्यांना वर्गासमोर कारण सांगावं लागणं हा छळ आहे. म्हणून गरजेचं सामान कोणत्या खणात आहे आणि ते न विचारता घ्यायचं, हे मी सगळ्या मुलींना पहिल्याच आठवड्यात सांगून ठेवते.

गैरफायदा घेतला जातो का? घेतला जातो. दोघं-तिघं रोज गणिताच्या तासाला उठतात. त्यांच्याशी मी एकेकट्याने बोलते आणि बहुतेक वेळा गणिताचीच अडचण निघते. ती सोडवायची. पट्टी काढून घ्यायची नाही.

ठरलेलं मोडतं तेव्हा

मोडणारच. तालीम झालेलं नाटकही प्रयोगात अडखळतं.

जेकब कौनिन या अभ्यासकाने १९७० च्या सुमारास वर्गांच्या चित्रफिती तपासल्या. सुरळीत आणि विस्कळीत वर्गांतले शिक्षक मुलांना रागावण्याच्या पद्धतीत फारसे वेगळे निघाले नाहीत. फरक आधी होता: चांगल्या शिक्षकांना वर्गात कुठे काय चाललं आहे याचं भान असायचं आणि ते मुलांना दिसायचं. मी यातून घेतलेला धडा साधा आहे: फिरत राहा. फळ्याकडे पाठ करून लांबलचक लिहू नका. एका मुलाच्या वहीवर वाकताना अशा बाजूला उभं राहा की उरलेला वर्ग दिसेल.

तरीही झालंच, तर आधी जवळ जाऊन उभी राहते, शिकवणं न थांबवता. निम्म्या वेळा तेवढ्यावर भागतं. नाही भागलं तर वाकून, फक्त त्यालाच ऐकू येईल असं म्हणते, "तू शेजारच्याची वही ओढत होतास. आपलं काय ठरलंय?" त्याने सांगितलं की "बरं, कर" आणि मी पुढे जाते. त्याने लगेच करावं म्हणून डोक्यावर उभी राहत नाही. वर्गासमोर माघार घ्यायला मुलाला चार क्षण लागतात, ते द्यायचे. 'का केलंस?' हा प्रश्न मी जवळजवळ सोडूनच दिला आहे. त्याला उत्तर म्हणून एक गोष्ट रचली जाते आणि मग आपण त्या गोष्टीचा खरेखोटेपणा तपासत बसतो.

कुणाला दुखवलं असेल तर माफीच्या शब्दावर काम संपत नाही. 'सॉरी' म्हणून टाकणं मुलांना सोपं असतं. मी विचारते, "याचं काय बिघडलं आणि तू ते कसं भरून देणार?" वही फाडली असेल तर ते पान स्वतः उतरवून द्यायचं. खेळातून काढलं असेल तर पुढच्या सुट्टीत स्वतः बोलवायला जायचं. दुखावलेल्या मुलालाही विचारते की हे तुला पुरेसं आहे का. एकदा एक मुलगी म्हणाली, "मला काही नको, फक्त परत ते नाव घ्यायचं नाही." मग तेवढंच ठरलं.

तीन गोष्टी कृपा करून करू नका. बोलणाऱ्यांची नावं फळ्यावर लिहायचं काम वर्गप्रमुखाला देऊ नका. मी ते अनेक वर्षं केलं. त्यातून वर्ग शांत होत नाही, वर्गप्रमुखाशी वैर आणि मैत्रीचा व्यवहार मात्र सुरू होतो: माझं नाव पुस, तुला खोडरबर देते. दुसरं, एकाच्या चुकीसाठी सगळ्या वर्गाची सुट्टी कापू नका. न्याय-अन्याय या वयात मुलांना फार तीव्रतेने कळतो. ज्यांनी काही केलं नाही त्यांना आपण एकच शिकवतो, की नीट वागण्याने काही फरक पडत नाही. तिसरं, मारणं आणि पाणउतारा. संयुक्त राष्ट्रांच्या १९८९ च्या बालहक्क करारात शाळेतली शिस्त मुलाच्या मानवी प्रतिष्ठेला धरून असावी असं लिहिलेलं आहे. करार नसता तरी मी हेच म्हटलं असतं. ज्या वर्गात बाईच हसं करतात, तिथे 'विचारणाऱ्याला हसायचं नाही' हा नियम कोण पाळेल?

चांदण्या आणि शाबासकी

वागण्याबद्दल चांदण्या देणं मी बंद केलं. १९७३ साली मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रं काढायला आवडणाऱ्या लहान मुलांवर प्रयोग केला. चित्र काढलं तर बक्षीस मिळेल असं ज्यांना आधी सांगितलं होतं, ती मुलं नंतर मोकळ्या वेळात चित्रांकडे कमी वळली. ती मुलं बालवाडीतली होती, माझी मोठी आहेत, तरी माझ्या वर्गात दिसलं ते याच्याशी जुळणारं होतं. "खाली पडलेली वही उचलली, चांदणी मिळेल?" असं एका मुलाने विचारलं. त्याच्या आधी तो वह्या नुसताच उचलायचा.

आता मी जे दिसलं ते नेमकं सांगते. "तू गटात गप्प बसलेल्या मुलीला आधी विचारलंस, म्हणून तिचं उत्तर आपल्याला मिळालं." 'छान' किंवा 'गुणी बाळ' यात मुलाच्या हाती काही लागत नाही. शक्य असेल तर हे हळूच सांगा. पाचवीतल्या काही मुलांना सगळ्यांसमोर कौतुक नको असतं, त्यावरून नंतर चिडवलं जातं.

'त्याला का चालतं?'

वर्गात एखादं मूल असं असतं की ते वीस मिनिटं बसू शकत नाही. एखाद्याला कमी ऐकू येतं, एखादी नवी भाषा शिकत असते. त्यांच्यासाठी मी अपेक्षा खाली आणत नाही, वाट वेगळी देते. न बसू शकणाऱ्याला मागे उभं राहून लिहिता येतं आणि वह्या वाटण्याचं काम कायम त्याचं असतं. कमी ऐकू येणाऱ्याला हाताची खूण दिसेल अशी जागा. भाषा नवी असेल तर पायऱ्यांची चित्रं बाकावर चिकटवलेली.

बाकीची मुलं विचारतात, आणि विचारावंच. मी सांगते, "पहिल्या बाकावर जो बसतो तो लाडका म्हणून बसत नाही. त्याला लांबचं दिसत नाही म्हणून बसतो. तुला काय लागतं ते तू मला सांग, तेही बघू." बहुतेकांना काही नको असतं. एका मुलीने मात्र सांगितलं की तिला खिडकीपासून लांब बसायचंय, बाहेर लक्ष जातं. तिला लगेच हलवलं.

पालकांना पहिल्या आठवड्यात एका पानाचं पत्र जातं: चार नियम, गृहपाठ विसरला तर काय होतं, मला कधी भेटता येईल. आणि पहिल्या दोन आठवड्यांत प्रत्येक घरी एक फोन, मुलाबद्दलची एखादी चांगली, खरी गोष्ट सांगायला. पुढे कधी तक्रारीचा फोन करावा लागला तर पलीकडचं माणूस ऐकून घेतं.

बाईंनाही लागू

चिठ्ठ्यांच्या दिवशी मुलं माझ्याकडूनही अपेक्षा लिहितात. ओरडू नका. वही लवकर द्या. आमचं पूर्ण ऐका. आमच्यात ठरलं आहे की तपासायला घेतलेल्या वह्या दोन दिवसांत परत. एकदा चार दिवस झाले आणि एका मुलाने हात वर करून, अगदी नम्रपणे, आठवण दिली. वर्ग एकदम चिडीचूप झाला. मी म्हटलं, "बरोबर आहे. माझ्याकडून राहिलं. उद्या सकाळी सगळ्या वह्या तुमच्या बाकावर असतील." रात्री बसून तपासल्या. चूक कशी कबूल करायची याची तालीम मी कधी वेगळी घेतलेली नाही, ती त्या दिवशी झाली.

दर शुक्रवारी दुपारी मी वहीत एक ओळ लिहिते: या आठवड्यात काय सैल झालं? रांग असेल, शेजारचा आवाज असेल, काम संपल्यावरचा गोंधळ असेल. सोमवारी सकाळी पाच मिनिटं फक्त तेवढ्याची तालीम. मोठ्या सुट्टीनंतर मात्र दोन दिवस सगळंच नव्याने. त्या वेळी मुलं म्हणतात, "बाई, हे आम्हाला येतं." मी म्हणते, "दाखवा."

आणि वर्षाच्या मध्येच नवं मूल आलं तर त्याला पद्धती मी शिकवत नाही. दोन मुलांची जोडी आठवडाभर त्याच्यासोबत असते आणि त्या आठवड्यात मी नव्या मुलाला एकदाही टोकत नाही. जोडी सांगत असताना मी जवळच काहीतरी काम काढून बसते आणि ऐकते. वर्गाला काय कळलं आहे आणि काय नुसतं पाठ झालं आहे, ते तिथे स्पष्ट ऐकू येतं. मागच्या वर्षी एक मुलगा नव्याला पट्ट्या दाखवत होता, वह्यांचा डावा गठ्ठा दाखवत होता. शेवटी म्हणाला, "आणि नाही आलं तर विचार. इथे हसत नाहीत. मी एकदा हसलो होतो."